दर गुरुवारी मॅडक्सला

ऑर्विल किंसलरचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. कॅन्ससमधल्या आमच्या एल्डन कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा सामना असला, की मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी ताणून तो उभा राहायचा. चेंडू तेवढा पुढे गेला की नाही, हे पंचांनी नुसत्या नजरेनं ठरवलं की याचं तोंड कडू व्हायचं. मोजायला बोलावलं की स्वारी खूश. माझ्या कॅफेत नवं गिऱ्हाईक आलं, तरी हा आधी त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघून यायचा.

बायको गेली, मुलगी लांब ओरेगॉनला. शनिवारचा सामना हेच त्याचं गणगोत होतं. त्यामुळे जेव्हा कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, की तिजोरीत खडखडाट आहे, वसंतापर्यंत पुरेशी नवी मुलं आली नाहीत तर फुटबॉल बंद, तेव्हा ऑर्विलच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्याकडे मुलं खेळायला म्हणून येतात आणि फी भरतात, त्यावर सगळं कॉलेज चालतं. ती मुलं गोळा करायचं काम कोच बेनिंगचं. तरुण माणूस. सामने फारसे जिंकायचा नाही, पण मुलांच्या आयांना स्वतः फोन करायचा.

त्या हिवाळ्यात ऑर्विल डोळे दाखवायला मॅडक्सला गेला. मॅडक्स म्हणजे आमचं जुनं वैर, त्यांचं कॉलेज मोठं, स्टेडियम मोठं. तिथल्या एका मागच्या गल्लीत याला कोचचा तांबडा पिकअप दिसला. पुढच्या गुरुवारी चष्मा आणायला गेला, तर पुन्हा तिथंच.

"कुठंतरी पाणी मुरतंय," कॅफेत येऊन तो म्हणाला.

"तू डोळ्यांचं बघायला गेला होतास ना? मग तेच बघ की," मी म्हणाले.

साखळीचं दुसरं टोक धरणारा लॉइड शेजारीच होता. त्यानं पॅनकेक बाजूला सारला. "दर गुरुवारी? मग ठरलेलीच भेट म्हणायची."

आणि नेमकी त्याच आठवड्यात कोचची बायको कॉरीन माझ्याकडे आली, केळ्यांची रिकामी खोकी मागायला. मी दिली. तिनं कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑर्विलनं मात्र खिडकीतून खोकी मोजली.

"सामान बांधतायत," तो म्हणाला. "मॅडक्सनं पळवला त्याला. आणि वर आमच्याकडे बघून हसतो, चोर!"

मला ऑर्विलचा राग आला, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली.

फेब्रुवारीत नवी मुलं आईबापांना घेऊन कॉलेज बघायला आली. मुलांना कोच मैदान दाखवत होता, आणि ओक्लाहोमाचा एक दांडगा बाप माझ्याकडे कॉफीला आला. बसला नेमका ऑर्विलच्या शेजारी.

"मुलगा या कोचवर भाळलाय," तो म्हणाला. "हा टिकेल ना हो इथं?"

मी भांडं आपटलं. डोळे वटारले. ऑर्विलनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माझा मुलगा असता," तो म्हणाला, "तर मी नसता घातला इथं."

दुपारपर्यंत ते बोलणं सगळ्या पालकांत फिरलं. संध्याकाळी कोचच्या हाती प्रवेशाचे जवळजवळ सगळे अर्ज कोरेच उरले.

सोमवारी दुपारी ऑर्विल आणि मी सोडून कॅफे रिकामा असताना कोच आत आला आणि ऑर्विलसमोर बसला.

"मिस्टर किंसलर, त्या माणसाला तुम्ही असं का सांगितलंत?"

"गुरुवारी मॅडक्सला काय असतं तुझं?"

"पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलतो." कोच थकलेला दिसत होता. "माझा पगार अर्धा करा पण संघ ठेवा, असं मीच अध्यक्षबाईंना म्हणालो. घर विकलं, कॉरीनच्या आईकडे राहायला गेलो. ही हमाली इथं केली असती, तर पालकांना कळलं असतं की कोचचंच भागत नाही. मग कोण पाठवेल मुलांना?"

"अरे, मग मला सांगायचंस!"

"तुम्हाला?" कोच म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

कोच कुठंही जाणार नाही, माझंच चुकलं, हे सांगायला ऑर्विलनं आठवडाभर पालकांना फोन केले. ओक्लाहोमाच्या त्या बापानं विचारलं, "हे बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं?" बाकीच्यांनीही तेच विचारलं, फक्त जरा गोड शब्दांत.

एप्रिलमध्ये संघ बंद झाला. जूनमध्ये बेकार कोचला मॅडक्सनं सहायक म्हणून घेतलं. बातमी आली तेव्हा लॉइडनं ऑर्विलच्या पाठीवर अशी थाप मारली, की मला वाटलं म्हातारा टेबलावर पडतो.

"तू म्हणालाच होतास! आम्ही सगळे आंधळे, तुला एकट्याला दिसलं!"

"नाही रे," ऑर्विल म्हणाला. "तो पोती उचलायचा तिथं. आपल्यासाठी."

"पोती! तुला कोण म्हणालं?"

"तो स्वतः."

"मग झालं तर!" लॉइड हसला. सगळं टेबल हसलं.

"खरंय ते," मी काउंटरमागून ओरडले. "माझ्यासमोर बोलला तो."

"मार्लीस, तू फार साधी आहेस गं," लॉइड म्हणाला. मग खुर्ची ऑर्विलकडे सरकवून त्यानं आवाज खाली आणला. "बरं, त्या अध्यक्षबाईचं काय? तिचंही काहीतरी असणारच. तुला काय वाटतं?"

टेबलावरचे सगळे पुढे वाकले. इतक्या वर्षांत त्याचं कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. ऑर्विलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून लॉइड बाकीच्यांना म्हणाला, "बघा. याला माहितीये, पण सांगत नाहीये."