बिनमाणसाचं दुकान

प्यो ग्वांगसिक यांनी गुन्सान शहरात उभा जन्म एकाच मार्गावर बस चालवली, निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात मालक झाले. आमच्याकडे मालक व्हायला फारसं काही लागत नाही. चाव्यांचा जुडगा आणि दारावर पाटी असली की गल्ली आपोआप मालक म्हणू लागते. प्योंच्या पाटीवर लिहिलं होतं : बिनमाणसाचं आईस्क्रीम दुकान, चोवीस तास उघडं.

ही कल्पना त्यांना एका व्याख्यानात मिळाली. चकचकीत बूट घातलेला एक तरुण सल्लागार निवृत्तांना सांगत होता, की आयुष्यभर तुम्ही पैशासाठी राबलात, आता पैशाला तुमच्यासाठी राबू द्या. तुम्ही झोपाल आणि पैसा जागा राहील. व्याख्यानाला प्रवेशशुल्क होतं. काही न करता कमावणारा त्या सभागृहात कोणी असलाच तर तो हा सल्लागार. आणि तोही दोन तास उभा राहून घसा कोरडा करत होता. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सल्लागाराने प्योंना कुणा बानबाईंचं चालतं दुकान दाखवलं. भिंतीलगत फ्रीझर, दाराशी पैसे घेणारं मशीन, छताला कॅमेरे आणि एक भोंगा. प्योंनी निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग पागडी म्हणून मोजला. बानबाई लेकीकडे राहायला गेल्या. प्योंनी बायकोला, ओकसुनला, शब्द दिला की आता अर्धं वर्ष योसूला तिच्या बहिणीकडे समुद्राकाठी काढायचं. दुकान काय, आपलं आपण चालेल.

माझं जुन्या पुस्तकांचं दुकान शेजारी आहे. तिथे माणूस असतो, गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे मला निरीक्षणाला वेळ मिळाला.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी फ्रीझरचं झाकण उघडं टाकून गेलं आणि आतला सगळा माल वितळून पुन्हा एकमेकांना चिकटला. तेव्हापासून प्यो मोबाईलवर कॅमेरे बघू लागले. जेवताना, दात घासताना, बायको बोलत असताना. कॅमेऱ्यासोबत भोंगाही मोबाईलला जोडलेला होता, म्हणजे घरून बोललं की दुकानाच्या छतातून आवाज येई. शाळा सुटल्यावर मुलं आत शिरली की छत म्हणे, "खालचं उकरू नका रे, वरचंच घ्या." मुलं छताला लवून नमस्कार करत आणि खालचंच घेत.

गल्लीतल्या कूआजींनी तर छताशी मैत्रीच केली. त्या रोज दुपारी गारव्याला येत, एकच आईस्क्रीम घेत आणि वर बघून विचारत, "मालक, ह्यातलं मऊ कोणतं रे? दात नाहीत मला."

"डावीकडचं माशाच्या आकाराचं, आजी. आत लाल चवळीचं सारण आहे. आणि झाकण लावा."

"लावते. जेवलास का?"

हा संवाद प्योंच्या पुतण्याच्या लग्नातही झाला. लग्नाच्या फोटोत सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघतंय आणि प्यो दुसऱ्याच कॅमेऱ्याकडे.

बाकीचा वेळ ते दुकानातच असत. माल लावायचा, बर्फ खरवडायचा, सांडलेलं पुसायचं, मशीन अडलं की त्याला समजावायचं. पुढच्या चौकात तसंच दुसरं दुकान निघालं तेव्हा भाव उतरवावे लागले. थंडीत गिऱ्हाईक घरी बसलं, पण फ्रीझर काही बसले नाहीत. विजेचं बिल उन्हाळ्याइतकंच येत राहिलं. बस चालवत होते तेव्हा शेवटच्या थांब्यावर निदान उतरता यायचं, असं ते मला एकदा म्हणाले. योसूला ते एकदाही गेले नव्हते. ओकसुन एकटीच जाऊन आली आणि मोहरीच्या पाल्याची किमची घेऊन आली. बरणी ठेवत ती म्हणाली, "अहो, समुद्र तुम्हाला विचारत होता." त्या संध्याकाळी प्योंनी सल्लागाराला फोन केला. दुकान विकायचं. पागडी परत मिळाली, की सुटलो.

सल्लागाराने गिऱ्हाईक आणलं, मेंग दुहो. टपाल खात्यातून ताजे निवृत्त, हातात व्याख्यानात मिळालेली पिशवी. सल्लागाराने प्योंना आधीच पढवून ठेवलं होतं : दिवसाला अर्धा तास पुरतो, एवढंच सांगा. पण मेंगांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून विचारलं, "मालक, खरंच काही करावं लागत नाही?" आणि प्योंना पढवलेलं आठवेना. त्यांनी बर्फापासून लग्नाच्या फोटोपर्यंत सगळं सांगून टाकलं. सल्लागार बुटांकडे बघत राहिला.

मेंग मान डोलवत ऐकत होते. मग बाहेर माझ्या दाराशी येऊन सल्लागाराला हळूच म्हणाले, "स्वतःच्या दुकानाबद्दल इतकं वाईट कोण सांगतं? माणसाला विकायचं दिसत नाही. नक्की पाणी मुरतंय इथे. पागडी थोडी वाढवून देऊ का?"

मी हे प्योंना सांगितलं. ओकसुनही तिथेच होती. ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत. त्यांना ऐकायचं नाही, त्याला आपण काय करणार? घ्या पैसे."

प्यो बराच वेळ फ्रीझरवरची काच पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

"बानबाईंनी मला हेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "हेच सगळं. बर्फसुद्धा. आणि मी तुला कोपराने ढोसलं होतं. आठवतं? म्हटलं होतं, बाई सोनं लपवतेय."

ओकसुनला आठवत होतं. बानबाईंनीही मग घरी जाऊन हेच म्हटलं असेल, की मी तर खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्योंनी मेंगांना बोलावलं आणि स्वतःचा मोबाईल चाव्यांसकट पुढे केला. पागडी नंतर बघू, आधी आठवडाभर दुकान तुम्ही सांभाळा, आलेला गल्ला तुमचा. मेंगांनी मोबाईल दोन्ही हातांनी, लवून घेतला. खजिन्याची किल्ली मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. प्यो आणि ओकसुन योसूची गाडी धरायला निघाले.

परत आले तेव्हा मेंग दुकानात पालथ्या खोक्यावर बसले होते. फ्रीझरमधला बर्फ निघालेला होता, मशीन पुसलेलं होतं. त्यांनी मोबाईल परत दिला.

"मालक, ही तर नोकरी आहे."

"मी सांगितलं होतं."

"हो. पण मला वाटलं तुम्ही..." मेंग थांबले. मग जरा ओशाळून म्हणाले की पागडीचं राहू द्या, तेवढे पैसे बुडवायची छाती नाही. पण घरी दिवसभर बायकोच्या पायात येतो. दुपारचं बसायला माणूस हवा असेल तर पगारावर येईन.

पागडी गेली ती गेलीच. प्यो आता अर्धा महिना योसूला असतात. त्यांना खरोखरच काही न करता पैसे मिळतात. मेंगांचा पगार, भाडं आणि वीज गेल्यावर जे उरतं त्यात नवरा-बायको महिन्यातून एकदा बाहेर थंड शेवया खाऊ शकतात. अंडं वेगळं मागवलं नाही तर. दारावरची पाटी कुणी बदललेली नाही.

परवा कूआजी आल्या, सवयीने वर बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो," खोक्यावरून मेंग म्हणाले आणि त्याच क्षणी, योसूहून, छतही म्हणालं.