फुंकणीची फुंकर

"अम्मा, बिडी ओढता का?" राजाजीनगरच्या दवाखान्यात आईची धाप तपासताना डॉक्टरांनी विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या आईने जन्मात बिडीला हात लावलेला नाही! निपाणीकडच्या आमच्या गावात तिने खानावळ चालवली, तीही चुलीवर. ओल्या लाकडांचा धूर तिने गिळला म्हणून मी इंजिनियर झाले, हे त्यांना चांगलं चढ्या आवाजात सुनावलं. "सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणत त्यांनी मान डोलावली. इतकी वर्षं घेतलेला चुलीचा धूरही फुप्फुसं खातोच, असं ते शांतपणे म्हणाले.

मग तपासणी. नळी तोंडात धरून सगळी हवा एका दमात बाहेर फेकायची. आईने नळी धरली आणि हलकी, लांबलचक फुंकर घातली. "जोरात, अम्मा, जोरात!" तपासणारी मुलगी ओरडली. पुन्हा तेच. शेवटी आई वैतागली. "अगं बाई, जोरात फुंकलं की राख उडते, भाकरीवर बसते!" मी हसून हसून बेजार झाले. मग एकदा तिने खरंच जोर लावला आणि खोकत खोकत खालीच बसली. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

गेलेला दम परत येणार नाही, आहे तो सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. श्वासातून ओढायला औषधाचा पंप दिला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना जमला नाही तर आईला देवनहळ्ळीला, माझ्या भावाच्या तळमजल्यावरच्या घरी जावं लागणार होतं. "मी लेकीकडेच राहणार," ती ठणकावून म्हणाली. मलाही तेच हवं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, नाकाने श्वास घ्या, ओठ आवळून हळूहळू सोडा. आईचे डोळे चमकले. "ही तर आपली फुंकणीच की गं!"

पुढे रोज सराव झाला. मग एके सकाळी ती जिन्यापाशी उभी राहिली. मी हात धरायला गेले, तिने झटकला. थोडं चढायची, थांबायची, ओठ आवळून फुंकर सोडायची. पहिल्या मजल्यावरच्या अक्कांनी खुर्ची आणली, तीही नको. दारात पोचली तेव्हा घामाने निथळत होती, पण उभी होती. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय?" दम खात ती म्हणाली. "या फुंकरीवर अख्खी खानावळ जेवली. तुझा जिना तो काय!"