कुलपातला तक्ता

मुलांनो, माझ्या धाकट्या भावाला पक्षाघातानंतर बोलता येत नाही. चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून तो आपलं म्हणणं सांगतो. काल त्याला भेटायला शुश्रूषा केंद्रात गेले, तर तक्ता कपाटात, कुलूप लावून ठेवलेला!

"नवा कोरा हाय, खराब होईल की, आजी. पाहुणे आले की काढतो," सेविका म्हणाली. "अन् काका लई हट्टी झालेत. जेवतच न्हाईत."

मी तक्ता काढायला लावला. भावानं आधी 'दुखतंय'वर बोट ठेवलं, मग दातावर. दाढ सुजून टम्म झाली होती.

"हट्टी म्हणे! बाई, त्याचं बोलणंच तुम्ही कुलपात घातलंत."

तक्ता मी त्याच्या चाकाच्या खुर्चीलाच बांधला. त्यानं लगेच दाराच्या चित्रावर बोट ठेवलं आणि सेविकेकडे रोखून पाहिलं. तिला बाहेर जावं लागलं.