सहा लाडू आणि एक आरोळी

“पाय उचल वं शोभे, पाय उचल! म्हैस पुढे निंगून गेली तुह्या!”

ही आरोळी मी पहिल्यांदा ऐकली ती पौषातल्या एका पहाटे, कोराडी रोडवर. धुकं असं दाट, की हात पुढे केला तर कोपरापलीकडचा हात शेजाऱ्याचा वाटावा. कोळशाच्या ट्रकांचे पिवळे दिवे त्या धुक्यात देहावाचून तरंगत येत होते, हवेत राखेचा, ओल्या गवताचा आणि शेणाचा मिश्र गंध होता, आणि त्या धूसर सृष्टीला उभी चिरत, स्कूटरच्या घरघरीवर आरूढ होऊन तो आवाज माझ्या पाठीवर येऊन आदळला. अतिशयोक्तीबद्दलचा माझा लौकिक मी नाकारत नाही. पण म्हशीच्या बाबतीत शपथेवर सांगते, ती खरोखरच पुढे गेली. रमतगमत, रवंथ करत, माझ्याकडे एकदा करुणार्द्र नेत्रांनी पाहून गेली. मी धावत होते. ती चालत होती.

तो आवाज आमच्या ह्यांचा, म्हणजे मधुकररावांचा. वीजकेंद्रात बॉयलरवर त्यांनी उभी हयात घालवली, आणि जिथे यंत्रांच्या गर्जनेत शेजारच्या माणसाला ‘चहा घेतो का’ विचारायचं तर युद्धाची घोषणा करावी लागते, तिथे माणसाचा कंठ कसा घडत असेल याची कल्पना तुम्हीच करा! ओरडणं असं पेशाने आलेलं. कान मात्र वडिलोपार्जित. सासरे कमी ऐकत, त्यांचे वडील त्याहून कमी ऐकत, आणि त्यांच्या वडिलांना म्हणे वीज पडली तेव्हा कोणीतरी दार ठोठावल्यासारखं वाटलं होतं. आमचे हे घरी चहा मागतात तेव्हा गल्लीतल्या चार घरांत आधण चढतं. आणि मी? मी महाविद्यालयात ग्रंथपाल. ‘शांतता राखा’ या पाटीखाली माझी तीस वर्षं गेली. कुजबुजीहून वरच्या पट्टीत बोललेलं माझं मलाच आठवत नसे. अशा दोन जिवांची पत्रिका ज्याने जुळवली, त्या गृहस्थाला विनोदाचं अंग होतं यात काय शंका?

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात, मुलीच्या घराचे तीन मजले चढताना मला प्रत्येक मजल्यावर एकेक पूर्वज दिसू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, चष्म्यावरून पाहिलं आणि ‘हलत जा’ एवढंच म्हणाले. मी हलले ती थेट फुटाळा तलावाच्या काठी, जिथे पहाटे एक धावणाऱ्यांचा गट जमतो. सगळी माझ्या लेकीच्या वयाची. आमची कोच पल्लवी, हरणाचे पाय आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेची जीभ लाभलेली मुलगी, तिने मला पहिल्या दिवशी दोनशे मीटर पळवलं. मी ते दोनशे मीटर आजही आदराने स्मरते. दोनशेचे हजार झाले, हजाराचे पाच हजार. आणि वर्ष सरता सरता मी एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये नाव घालून बसले.

एवढं अंतर पळायचं तर वाटेत खावं लागतं, हे ज्ञान मला पल्लवीनेच दिलं. तिने एक चिमुकली पुडी हातावर ठेवली, तिच्यात जेल, म्हणजे ताकद देणारा चिकट पाक. चव अशी, की शिवणयंत्राच्या तेलात कोणी मोसंबी पिळावी! मधुकररावांनी त्यातला थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला, आणि निर्णय दिला, “ग्रीस हाय. बेअरिंगले लाव.” मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्यांनी मला जे प्रवचन दिलं, ते खेळाडूंच्या आहारावर मी ऐकलेलं सर्वांत सुबोध प्रवचन आहे. “भट्टीत कोळसा ढेकळं-ढेकळं टाकत नसतात वं. पिठासारखा दळायचा, हवेसंगं थोडा-थोडा फुकायचा, अन् थांबायचं नाही. प्रेशर पडल्यावर कोळशाची आठवन येते, तो मानूस बॉयलरवर ठेवायच्या लायकीचा नाही.”

तेव्हापासून आमच्या घरी दर शनिवारी इंधन सिद्ध होऊ लागलं. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, खजूर, गूळ, तीळ आणि चिमूटभर मीठ. लाडू सुपारीएवढा, न चावता विरघळेल इतका मऊ. दर तीन किलोमीटरला एक. म्हणजे अठराव्या किलोमीटरपर्यंत सहा, आणि पुढचे तीन किलोमीटर त्या सहांच्या पुण्याईवर. कमरेच्या पिशवीत हे सहा लाडू आणि एक कांदा. कांदा कशाला, असं बाहेरगावचा वाचक विचारील. नागपूरच्या वैशाखात पहाटे पाचलाच लू, म्हणजे उन्हाचा तापला वारा, दार ठोठावते, आणि ती बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवल्यावाचून इथे कोणी उंबरा ओलांडत नाही. तो माझ्या पिशवीत डिसेंबरातही राहिला, कारण तो काढायला मधुकररावांची परवानगी मिळेना.

सरावाच्या प्रत्येक दिवशी ते स्कूटरवर माझ्या मागे. तीन किलोमीटर झाले की आरोळी उठे, “लाऽऽडू!” कन्हानच्या पुलावर मालगाडीच्या चालकाने ती ऐकून सिग्नल समजून गाडी थांबवली, असं मी मैत्रिणींना सांगते, त्या विश्वास ठेवत नाहीत, हा त्यांचा दोष. पण एका बाईने स्टीलचा डबा घेऊन फाटकाबाहेर धावत येऊन ह्यांना हात केला होता, हे तरी निखालस खरं. “अर्धा किलो द्या जी,” ती म्हणाली. ह्यांनी तिला एक लाडू फुकट दिला आणि भट्टीचं सगळं शास्त्र समजावलं. मी तोवर पाच मिनिटं विसावले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

आता मागच्या वर्षीची शर्यत. ही आठवण सांगताना माझ्या अतिशयोक्तीलाही दम लागतो, म्हणून सरळच सांगते. एकवीस किलोमीटरला तीन तासांची मुदत असते. सहाला सुटायचं, नऊच्या आत शेवटच्या रेषेवरच्या कमानीखालून जायचं. मी नऊ वाजून नऊ मिनिटांनी कस्तुरचंद पार्कशी पोचले, तेव्हा त्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडलेली होती. ती रस्त्यावर पसरली होती, सोंड टाकून निजलेल्या हत्तीसारखी. तिची घडी घालणारा माणूस मला पाहून बाजूला झाला, आणि मी त्या कापडावरून, पायाखाली उरलीसुरली हवा फुसफुसत असताना, पलीकडे गेले. पदकांची पेटी टेम्पोत चढली होती. पलीकडे मधुकरराव उभे होते. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. त्यांनी तो माझ्याकडे पाहत थोडा वर उचलला, मग खाली घेतला, मग स्कूटरच्या हँडलला अडकवला. घरापर्यंत तो तिथेच हलत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजला. मी लावलेला नव्हता.

तेव्हा मला हवं होतं ते फार थोडं होतं. पदक नको, टाळ्या नकोत. उभ्या कमानीखालून एकदा जायचं होतं. ती उभी असताना!

पण त्या शर्यतीचं आणखी एक शेपूट होतं. ह्यांच्या आरोळ्यांचा कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि त्या म्हशीच्या वाक्यासकट तो गटातल्या प्रत्येकाच्या हाती फिरला. पोरं मला ‘म्हैसवाल्या काकू’ म्हणू लागली. प्रेमानेच म्हणत, पण तीस वर्षं शांततेच्या पाटीखाली बसलेल्या बाईला ते झोंबणार नाही का? यंदाच्या शर्यतीच्या आठवडाभर आधी मी ह्यांना बजावलं, अगदी कानाशी जाऊन, “यंदा तुम्ही एक शब्द जरी ओरडले ना, तर मी तिथूनच ऑटो करून घरी येईन.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाडवाचं पीठ चाळणं थांबवलं. “बरं,” म्हणाले, आणि पुन्हा चाळू लागले.

किती सहज आपण एखाद्याला गप्प करतो!

शर्यतीच्या पहाटे मी कशी निघाले म्हणता? वाऱ्याला मागे वळून ‘येतोस का’ विचारत! तीन, सहा, नऊ, बारा. चार थांबे, चार लाडू, घड्याळ बघून माझे मीच आठवणीने खाल्लेले. सेमिनरी हिल्सचा तो चढ, ज्याच्या माथ्यावर मला दर वेळी बर्फ दिसतं, तोही मी चढून गेले. पण पंधरावा किलोमीटर आला आणि काहीच झालं नाही. कोणी ‘लाडू’ म्हणालं नाही. पक्षी किलबिलत होते, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांखाली उन्हाची सोनेरी जाळी पडली होती, बुटांची मंद लय चालू होती. माझ्या पाटीने जन्मभर मागितलेली शांतता ती हीच, निर्मळ, अखंड. आणि त्या शांततेत मी खायचं विसरले. सोळाव्यावर माझे पाय दुसऱ्याच कोणाचे झाले. सतराव्यावर मी धावत नव्हते, चालतही नव्हते. रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते. घड्याळात आठ पंचवीस. हिशेब सरळ होता. अजून पाच मिनिटं अशीच उभी राहिले, की कमान पुन्हा निजणार.

आणि समोर, चिंचेच्या झाडाखाली, मधुकरराव. त्यांनी मफलर तोंडावरून दोनदा गुंडाळून मागे गच्च गाठ मारली होती. स्वतःवर भरवसा नसावा! फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत बॉयलरचा काटा खाली उतरताना पाहणाऱ्या माणसाची सगळी तगमग होती. एक मूठ वर होती. आवाज नव्हता.

“अहो, ओरडा ना!” मी म्हणाले. ग्रंथालयातल्या आवाजात. त्यांनी मफलर सरकवला, पण तोंडावरचा नव्हे, कानावरचा. “आँ? काय म्हनून राहिली वं?” मफलरमधून आलं. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा “आँ?” तेव्हा माझ्या पोटातून, जिथे पंधराव्याचा लाडू असायला हवा होता त्या पोकळीतून, तीस वर्षं साठवलेला आवाज उसळला. “ओऽऽरडा म्हणते मी! ओरडा!” चिंचेवरचे बगळे उडाले ते दहा कोसांवरच्या मौद्याला जाऊन बसले. पाण्याचे पेले वाटणाऱ्या बाईच्या हातून पेला सुटला. माझ्या मागून धापा टाकत येणारे दोन बँक अधिकारी जागच्या जागी ताठ उभे राहिले.

मधुकररावांनी मफलरची गाठ सोडली. सावकाश, जपून, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात तशी. मग त्यांनी श्वास घेतला.

“पाय उचल वं शोभे! म्हैस पुढे निंगून गेली तुह्या!”

सिव्हिल लाइन्समध्ये कुठली म्हैस! पण दोन्ही बँक अधिकाऱ्यांनी मागे वळून पाहिलं आणि जे सुटले, ते सुटलेच. मीही सुटले. तो आवाज अठराव्यावर ऐकू आला, एकोणिसाव्यावरही. मग स्कूटर गल्लीबोळांतून पुढे गेली असावी, कारण विसाव्यावर तो समोरून येऊ लागला. माझ्या आयुष्याच्या चारी बाजूंनी हा माणूस ओरडत होता, आणि मी मात्र इतकी वर्षं त्यात केवळ आवाज मोजत आले होते!

कमान उभी होती. निळी, गुबगुबीत, वाऱ्याने किंचित डुलणारी. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. मी तिच्याखालून गेले तेव्हा वर पाहिलं. आतल्या शिवणीत एक चिमणी अडकलेला दोरा ओढत होती. बस, तेवढंच. तेवढ्यासाठी वर्ष गेलं होतं.

यंदा त्यांनी हार आणला नव्हता. आम्ही पोह्याच्या ठेल्याशी उभे राहिलो, पोह्यांवर ओतलेल्या झणझणीत तर्रीच्या वाफेने माझा चष्मा धुरकटला, गळ्यातलं पदक प्लेटवर आपटत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं: पंधराव्याची शांतता, सतराव्याची पोकळी, पोटात कोळसा नसताना निव्वळ एका आरोळीवर चार किलोमीटर कसे झाले, तुमच्या शास्त्रात याला जागा आहे का, असं सगळं, आणि कधी नव्हे ते मोठ्याने, त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ठेलेवाला झारा हातात धरून ऐकत होता. त्यांनी माझ्या कमरेची पिशवी सोडली, कांदा बाजूला ठेवला, आत बोट घालून पाहिलं.

“दोन लाडू उरले,” ते म्हणाले.