बोटभर लांब कार्ड

मुलीचं व्हिडिओचं काम अडतं म्हणून घरचा कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदाराने झाकण काढलं आणि नाक मुरडलं. झाकणावर दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून होतं. नवं ग्राफिक्स कार्ड आत बसेना, जागेपेक्षा बोटभर लांब निघालं.

"काका, कॅबिनेट बदला. पॉवर सप्लायही पुरणार नाही. मग मदरबोर्ड तरी जुना कशाला ठेवता?"

त्या चकचकीत कार्डाचा मला संताप आला. हल्ली प्रत्येक नवी वस्तू अशीच घरात शिरते आणि आधीच्या सगळ्यांना नालायक ठरवते. कार्ड लांब आहे असं कुणी म्हणत नाही, घरच लहान ठरतं.

"मग माझं जुनं राहणार काय?"

"माऊस चालेल की."

मी झाकण ओढून घेतलं. बोटांना लागलेलं कुंकू तो फडक्याला पुसत होता, ग्रीस पुसावं तसं.