सगळ्यांत वाईट गाडी

रविवारी सकाळी गल्लीतल्या गॅरेजबाहेर वाद रंगला होता: बाळगायला सगळ्यांत वाईट गाडी कुठली? निवृत्त चित्रकला शिक्षक देसाई सर जिंकत आले होते.

"माझ्या गाडीचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं. दर वेळी उतरून बायकोला मीच उघडून देतो. गावाला वाटतं, काय प्रेम आहे."

सगळे हसले. सरांची गाडी विकत घ्यायला आलेला तरुणही हसला. म्हणाला, "म्हणजे भंगारच की, सर."

 सर शांतपणे म्हणाले, "भंगार मी म्हणेन. तुम्ही नाही म्हणायचं. गाडी विकायची नाही." आणि त्यांनी किल्ली खिशात टाकली.

मी खासगी मोटारींविरुद्ध पत्रकं वाटतो; त्या सकाळीही ती घेऊनच तिथे उभा होतो. मालकी माणसाला कोतं करते, हे मला आजही खरं वाटतं. पण सरांच्या आवाजात मालकी नव्हती. इतकी वर्षं एकत्र रखडल्यावर मिळालेला नावं ठेवण्याचा हक्क होता, आणि तो विकता येत नव्हता. मला उगाच बरं वाटलं.

तरुणालाही राग आला नाही. बाकावर जागा करून घेत तो म्हणाला, "राहिलं. मग आता माझ्या गाडीचं ऐका."