डल्सी मावशीच्या टबातली कानशी

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या डार्विन शहरात साप पाळणारे खंडीभर आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाचा एक जण काचेच्या पेटीत अजगर ठेवतो आणि त्याचे वाढदिवस करतो. त्याला कुणी हसत नाही. डल्सी मावशीला हसायची ती आमचीच, दूरच्या आदिवासी वस्तीवरची माणसं. कारण तिनं पाळली होती कानशी, पाण्यातली सापीण, आणि कानशी आमच्याकडे निखाऱ्यावर भाजून खातात.

"म्हातारीनं जेवण पाळलंय," म्हणायचे आणि खिदळायचे. मला असा संताप यायचा!

कानशी म्हणते मी तिला, कारण तिचं अंग लोखंड घासायच्या कानशीसारखं खरखरीत. विष नाही, काही नाही. जन्म पाण्यात, मरण पाण्यात. जमिनीवर ठेवली तर ओल्या टॉवेलसारखी पडून राहते. पाऊस जाऊन डोह आटत आले की आमच्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि चिखलात पायांनी चाचपून तिला हुडकतात. मावशीसारखे पाय अख्ख्या वस्तीत कुणाचे नव्हते. मगरीच्या पाठीवर पाय पडला तरी शिवी देऊन बाजूला व्हायची बाई.

मग तिची मूत्रपिंडं गेली. वस्तीत रक्त धुवायचं मशीन नाही. डॉक्टर म्हणाले, डार्विनला राहायचं, कायमचं. मी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, माझं घर डार्विनला, तेव्हा ती माझ्याकडे आली. निघायच्या आदल्या दिवशी ती डोहात उतरली होती. विमानातून उतरली तेव्हा तिच्या मांडीवर ओलं पोतं होतं आणि पोत्यात दंडाएवढी जाड मादी.

"मावशी, हे काय? इथं खायला मिळत नाही का तुला?"

"खायला नाही आणली. परत सोडायला आणलीय."

"सोडायला? मग उचललीसच कशाला?"

"त्याच डोहात सोडायला लागेल ना? म्हणजे मला जावं लागेल."

"अगं, डॉक्टर म्हणतात तुला परत जाता यायचं नाही."

"डॉक्टरला सांग, माझ्याकडे त्या पाण्याची ठेव आहे. ती बुडवायची नसते."

घरामागच्या सावलीत मी जुना न्हाणीचा टब मांडला. नळाचं पाणी भरलं, चांगलं स्वच्छ, आरपार दिसणारं. झालं! बाईसाहेबांनी जेवण सोडलं. मी मासे आणून सोडायची, ते तिच्या नाकावरून फिरायचे, ती ढिम्म. कातडीवर पांढरे डाग उठले. मी घाबरले, मावशी मात्र माझ्यावरच खेकसली.

"उघड्यावर, सगळ्यांच्या देखत कोण जेवतं गं? तू जेवशील?"

तिनं मला नाल्याकाठच्या कागदी सालीच्या झाडांचा पाला आणायला लावला. नळाचं पाणी बादल्यांत शिळं करून मग टबात ओतायचं, वर पाला. पाणी चहासारखं तांबडं झालं, कानशी दिसेनाशी झाली. डाग हळूहळू गेले. मग एका संध्याकाळी पाण्यात खळबळ झाली. तिनं मासा अंगाच्या विळख्यात धरला होता. त्या खरखरीत कातडीतून निसटायची माशाची काय बिशाद! मावशीनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिनोन्‌महिने कानशी कधी खायची, कधी नाही. मासे धरायचं काम अर्थातच माझं. जाळं घेऊन नाल्यात मी, आणि खुर्चीत बसून हुकूम सोडणार ही.

दुसऱ्या वर्षी मावशीची धाकटी बहीण जेमायमा भेटायला आली. मावशी मशीनवर गेलेली, मी दुकानात. परत येते तर अंगणात निखारे फुललेले आणि जेमायमाच्या हातात कानशी लोंबकळतेय. मागोमाग मावशीची गाडी आली.

"ताई, किती गं चांगली तू! माझ्यासाठी एवढी जाड ठेवलीस," जेमायमा म्हणाली.

"खाली ठेव तिला."

"अगं, निखारे तयार आहेत..."

"ठेव म्हणते ना! नाहीतर तुला बसवीन त्या निखाऱ्यावर."

जेमायमाचं तोंड एवढंसं झालं. कानशी टबात गेली. पण बहीणच ती, गप्प कशी बसणार? "साप का कुठं पाळतात, ताई? तू परत येणार नाहीस हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. तुझी चटईसुद्धा दिली आम्ही कुणाला तरी."

मी म्हटलं, आता आभाळ कोसळणार. मावशी टबाच्या काठावर बसली, हात पाण्यात घातला. "चटई परत मागून घे," एवढंच म्हणाली. मला जेमायमाची जीभ हासडावीशी वाटली.

त्या वर्षी मशीन बसवलेला ट्रक वस्त्यांवरून फिरू लागला. रस्ते सुकले की तो आमच्या वस्तीवरही थोडे दिवस थांबणार होता. नर्स म्हणाली, जागा कमी आहेत, पथ्य पाळणाऱ्यांनाच नेऊ. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, मशीन चुकवायचं नाही. मावशीनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं. तहानेनं ओठ फुटायचे, माझ्यावर चिडायची, कप भिरकावायची, पण वरचा घोट घेतला नाही. आणि जागा मिळवली!

आम्ही पोचलो तेव्हा डोहावर सगळी वस्ती जमली होती. जेमायमा चटई घेऊन उभी होती, खाली मान घालून. मावशीनं आधी पाण्याकडे तोंड करून आमच्या गेलेल्या जुन्या माणसांना हाक मारली, मी डल्सी, मी आलेय. मग माझ्या खांद्याला धरून पाण्यात उतरली आणि पोतं उघडलं. कानशीनं तिच्या मनगटाला एक वेढा घातला, सोडला, आणि चिखलात दिसेनाशी झाली. मी रडले, सांगून टाकते.

"चल मावशी, झालं तुझं. ठेव परत केलीस."

ती हलली नाही. तिचे डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली, मी तिला घट्ट धरलं. मग कळलं, पाण्याखाली तिचे पाय हळूहळू सरकतायत.

"सापडली," ती म्हणाली. वाकली आणि मनगटाएवढी एक तरणी कानशी वर काढली.

काठावर जेमायमा ओरडली, "निखारे करू का, ताई?"

"खबरदार!" मावशी म्हणाली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. "लिओनी, पोतं दे. भिजवून दे."

"अगं, पुन्हा?"

"मग? हिला परत सोडायला कोण येणार, तू?"